महिनाभर क्रेट, मग रॅक

धायरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं छाटून देतो:

"काका, मी चौतीस वर्षांचा. एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम अकरा वर्षं करतोय. मदतीला एक मुलगा असतो. आजवर सगळं स्कूटरवर चाललं. नवीन एसी बसवायचा असला की छोटा हत्ती सांगतो. महिन्याला बारा-तेरा फेऱ्या होतात, फेरीचे आठशे. गेल्या वर्षी दोन ऑफिसांची वर्षभराची कंत्राटं मिळाली म्हणून जीएसटी नंबर काढला. आता मारुतीची नवीन ईको व्हॅन घ्यायची म्हणतोय. बायको म्हणते, पाच सीटर घ्या, मागची सीट काढली की माल बसेल आणि सणावाराला वेल्ह्याला माहेरीही जाता येईल. मित्र म्हणतो, कार्गो, म्हणजे मालवाहू ईको घे, छत उंच करून घे, आत दोन्ही बाजूंनी रॅक, इन्व्हर्टर, दुपारी पडायला फळी. त्याने परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओही दाखवले. वडील म्हणतात, हप्ता मानगुटीवर घेऊ नकोस. आई एफडी मोडायला तयार आहे. काय करू? आणि गाडीवर मागे 'आईचा आशीर्वाद' लिहू की फोन नंबर?"

आधी वडिलांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तेरा फेऱ्या, आठशेच्या हिशेबाने १०,४०० रुपये. पाच लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंत तर हप्ता बसतो साधारण १०,६००. म्हणजे हत्तीचं भाडं वाचलं ते हप्त्यात गेलं, आणि विमा, सीएनजी, टायर, फिटनेस हे सगळं वर. नुसत्या भाड्याच्या बचतीवर ही गाडी परवडत नाही.

पण एक आकडा तुमच्या पत्रात नाही, तो म्हणजे विसरलेल्या वस्तूसाठी मारलेल्या खेपांचा. औंधला चौथ्या मजल्यावर चढायचं आणि तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं फ्लेअरिंग टूल घरी राहिलंय हे तिथे कळायचं. धायरी गाठून परत औंधला येईपर्यंत दोन तास जातात आणि दुपारचं एक सर्व्हिसिंग उद्यावर पडतं. पंधरा दिवस वहीत या खेपा लिहा. आठवड्याला तीन भरल्या तर गाडी घ्या. एखादीच भरली, तर वडिलांचं ऐका आणि स्कूटरला मोठी पेटी लावा. एफडीला हात त्यानंतर.

गाडी घ्यायचीच ठरली तर पहिला वाद घरातला. वहिनींचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. दारात गाडी उभी असताना एसटीने माहेरी जायचं, हे कुणाला आवडेल? पण पाच सीटर घेऊन मागची सीट काढण्याची युक्ती पुण्यात शेकड्यांनी लोक करतात आणि तिचा फटका बसतो तो अपघाताच्या दिवशी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटींचं एक कलम असतं. नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालाची वाहतूक त्यात वगळलेली असते. आत एसीचे दोन आउटडोअर युनिट, नायट्रोजनचा सिलिंडर आणि तांब्याची वेटोळी भरलेली असताना ठोकर बसली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढून निघून जाईल आणि तुम्ही पत्रव्यवहार करत बसाल. आरसीवर पाच सीटा आणि गाडीत दोनच, हा वेगळा घोळ.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते वहिनींना माझ्यापेक्षा लवकर पटेल. तुम्ही जीएसटी नंबर काढलाय. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तुमच्यासारख्यांनी घेतलेल्या पाच सीटरवर मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवर १८ टक्के दर आहे. मूळ किंमत पाच लाख धरली तर ९० हजार रुपये तुमच्या पुढच्या जीएसटीतून वळते होतात. अट एवढीच, की तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत नसावं (तिथे क्रेडिट मिळत नाही), बिल तुमच्या नंबरावर फाडलेलं असावं आणि क्रेडिट घेतलेल्या रकमेवर पुन्हा घसारा लावू नये. तुमच्या सीएला बुकिंगच्या आधी फोन करा. बिल फाडल्यानंतर फोन करणारे खूप पाहिलेत. या ९० हजारांतून वेल्ह्याला वर्षातून पाच वेळा भाड्याची एसी गाडी करा, तीही बरीच वर्षं. कार्गोच्या मागे मात्र माणसं बसवू नका, अगदी सणाच्या दिवशीही. तिथे बसलेल्या माणसाला सीट नाही, पट्टा नाही आणि विम्याचा आधारही नाही.

कागदपत्रांची भीती लोक उगाच घेतात. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तुमचं चारचाकीचं साधं लायसन्स चालतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पिवळी पाटी येईल. आरटीओची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. चमकत्या पट्ट्या मळल्या-फाटल्या असतील तर तिथे अडवतात, त्या आदल्या दिवशी पुसा. सीएनजी घेतलीत तर टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी. ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

विमा काढताना एकच शब्द लक्षात ठेवा: आयएमटी २३. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, बंपर, बॉनेट, मडगार्ड, टायर यांचं नुकसान धरलेलंच नसतं. थोडा जास्त प्रीमियम भरून आयएमटी २३ या जोडकलमाने ते घालून घ्यावं लागतं. एजंट आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना आकडा कमी दाखवायचा असतो. आणि पेठांत गाडी फिरवून बंपर शाबूत ठेवलेला माणूस मला अजून भेटायचाय. आतली हत्यारं मोटार पॉलिसीत येत नाहीत, त्यांचा चोरीचा विमा वेगळा.

आता मित्राचे व्हिडिओ. छत उंच करायचं डोक्यातून काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीचा मूळ तपशील मालकाला आपल्या मनाने बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. माझा आडाखा सोपा आहे. पान्ह्याने खोलून संध्याकाळी गाडी शोरूममधून आली तशी उभी करता येईल, एवढंच काम आत करायचं. पत्रा कापायचा नाही, खिडकी पाडायची नाही, सगळा रंग बदलायचा नाही. दुपारच्या फळीचंही विसरा. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद पत्र्याच्या गाडीत झोपायचं म्हणजे भट्टीत पडणं. शिवाय या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेही तापलेलंच असतं.

आतल्या मांडणीबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण इथे माझे स्वतःचे पैसे बुडालेत.

वायरिंगची कंत्राटं घेत होतो तेव्हा माझी जुनी ओम्नी होती. पहिल्याच आठवड्यात नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये नेली आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगलचे रॅक वेल्ड करून घेतले. काय दिमाख होता! तीन गोष्टी नंतर कळल्या. एक, डाव्या बाजूचं सरकतं दार मी स्वतःच्या हाताने कायमचं बंद करून टाकलं होतं. सदाशिव पेठेच्या बोळात गाडी भिंतीला टेकवून लावली आणि मागे दुसरी गाडी आली की मागचं दार वर उघडायला जागा नाही, बाजूचं दार रॅकने अडलेलं. ड्रायव्हरच्या सीटवरून मागे वाकून पकड शोधायची. दोन, एवढं लोखंड मी रोज फुकट ओढत होतो. तीन, फरशीवर रबरी मॅट पसरली आणि खाली पाणी मुरत राहिलं. दोन पावसाळ्यांनी दहा नंबरचा पान्हा हातातून निसटला तो मॅटच्या फाटक्या कोपऱ्यातून थेट रस्त्यावर. वाकून बघितलं तर डांबर दिसत होतं.

म्हणून माझं सांगणं असं: गाडी आली की महिनाभर रॅकच करू नका. मार्केट यार्डात भाजीचे वापरलेले प्लास्टिक क्रेट मिळतात, ते आठ-दहा आणा. एकात ब्रेझिंगचं सामान, एकात गेज आणि फ्लेअरिंग, एकात ड्रिल नि कोअर कटिंग, एकात सर्व्हिसिंगचे फडके, ब्रश, ताडपत्री. क्रेट पट्ट्याने बांधा आणि कामं करत राहा. रोज संध्याकाळी फक्त बघा, कुठला क्रेट कुठे सरकलाय. पहिल्या आठवड्यात जो मागच्या दाराशी होता तो तिसऱ्या आठवड्यात बाजूच्या दाराशी आलेला दिसेल, कारण हात रोज तिथूनच जातो. कुठलं दार जास्त उघडतं तेही टिपा. साधारणपणे फुटपाथ डावीकडे असतो, म्हणून डावं दार मोकळं ठेवून रॅक उजव्या अंगाला करावा असं मी म्हणेन. पण तुमची निम्मी कामं पेठांतल्या एकेरी रस्त्यांवर असतील तर पी-वन, पी-टूच्या, म्हणजे सम-विषम पार्किंगच्या, तारखेप्रमाणे गाडी कधी उजव्या कडेलाही लागते. ते तुमच्या कामावर ठरेल, सुताराला विचारून ठरणार नाही.

महिन्यानंतर रॅक. लाकूड की लोखंड, या प्रश्नाचं उत्तर वजनात आहे. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि त्यात तुम्ही नि तुमचा मदतनीसही आलात, दोघांचे दीडशे किलो धरा. अठरा एमएमच्या आठ बाय चार प्लायचा एक ताव तीस किलोच्या वर भरतो, बारा एमएमचा वीस-एकवीस. एक इंची चौकोनी लोखंडी पाईप सोळा गेजमध्ये मीटरला सव्वा किलोच्या आसपास. तेवढ्याच मापाचा ॲल्युमिनियमचा त्याच्या एक तृतीयांश. मी ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि बारा एमएमच्या फळ्या करीन. प्लाय घेताना ७१० चा शिक्का बघून घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन ग्रेड. टिंबर मार्केटमध्ये "तसलीच आहे" म्हणत ३०३ ची साधी प्लाय गळ्यात मारतात. दोन्ही आयएसचेच शिक्के असतात, म्हणून आकडा वाचायचा. स्क्रू, बिजागऱ्या, पट्टे बोहरी आळीत. जुन्या बाजारात रविवारी लोखंडी हत्यारपेट्या चांगल्या मिळतात, घासाघीस मात्र यायला हवी.

फळीला पुढून दोन इंचांची पट्टी हवीच, नाहीतर पहिल्या गतिरोधकाला सगळं खाली. रॅक छतापर्यंत नेऊ नका, छातीच्या उंचीला थांबवा. वरच्या कप्प्यात फक्त इन्सुलेशनच्या नळ्या, टेपचे रोल असं फुलासारखं सामान. जड ते खाली आणि मागच्या चाकांच्या जवळ. सांगाडा शक्यतो कंपनीने दिलेल्या भोकांतच बोल्टने आवळा. नवीन भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली झोपून बघा, कारण फरशीखालून पेट्रोलची, सीएनजीची आणि ब्रेकची नळी जाते. पाडलेल्या भोकाच्या कडेला त्याच दिवशी प्रायमर लावा. फरशीवर मॅट घालायची तर दर पंधरवड्याला उचलून वाळवा. तुमचा प्रेशर वॉशरचा पंप आणि ओले पाईप दाराशीच एका खोल ट्रेमध्ये ठेवा, आत खोल नेऊ नका.

ड्रायव्हर आणि माल यांच्या मधली जाळी काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कात्रजच्या जुन्या घाटात एकदा समोर म्हैस आली. मी ब्रेक दाबला, आणि केबलचं ड्रम मागून येऊन माझ्या सीटला असं बसलं की आठवडाभर कमरेला पट्टा होता. माझ्या ओम्नीला जाळी नव्हती. तुम्ही धायरीचे, नवले पुलाचा उतार तुम्हाला मी काय सांगू. बोगद्याकडून खाली येताना तीस-पस्तीस किलोचा आउटडोअर मोकळा असेल तर तो तुमच्याआधी पोहोचतो. फरशीला चार कड्या आणि रॅचेटचे दोन पट्टे, बाकीचं सगळं राहिलं तरी चालेल, हे नको राहायला.

गॅस हा तुमचा विषय, तरी बोलतो. एसीतला आर-३२ गॅस हळू का होईना पण पेटतो, आर-२९० तर सरळ प्रोपेनच. दोन्ही हवेपेक्षा जड, गळले तर फरशीवर साचतात आणि बंद गाडीत वास येईपर्यंत वाट बघणं वेडेपणाचं. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, टोपी लावलेली. नायट्रोजनचा मोठा सिलिंडर पन्नास-साठ किलोचा असतो, रोज कशाला फिरवता? लहान घ्या. रात्री सिलिंडर गाडीत राहू देऊ नका, उन्हात तर नाहीच. सकाळी गाडी उघडल्यावर दोन मिनिटं दारं सताड ठेवा, मगच किल्ली फिरवा. मदतनीस मुलगा गाडीत बसून सिगरेट ओढतो का, हेही बघा.

इन्व्हर्टरवर मला हसू आलं. जिथे एसी बसतो तिथे वीज असतेच. हजार वॉट काढायचे तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून नव्वद अँपिअरच्या पुढे करंट ओढावा लागतो. ती जाडजूड केबल, दुसरी बॅटरी, तिचं वजन, हे सगळं कशासाठी? कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या चार्ज करायला दीडशे-दोनशे वॉटचा छोटा पुरतो. आत दोन एलईडी पट्ट्या तपकीर गल्लीतून आणून लावा, पण वायर बॅटरीपाशी फ्यूज घालूनच काढा आणि पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, घाला. मी एकदा ग्रोमेट घातलं नाही, मी, वायरिंगचा कंत्राटदार! पत्र्याच्या धारेने वायर सोलली, नशिबाने फक्त धूर झाला.

दहा फुटी ड्रेन पाईप आत मावणार नाहीत. त्यांच्यासाठी चार इंची पीव्हीसीची टोप्या लावलेली नळी छतावरच्या कॅरिअरला बांधतात, ते ठीक आहे, पण पुढेमागे काही बाहेर येऊ देऊ नका. गाडी मुळात सहा फूट उंच. कॅरिअर, वर नळी, वर घोडा (घडीची शिडी) धरलात तर हिंजवडीच्या ऑफिसांच्या तळघरांत दारावरची आडवी नळी आडवी येईल. तुमच्या दोन्ही कंत्राटांच्या इमारतींत जाऊन ती उंची टेपने मोजा. घोडा आतच घडी करून झोपवता आला तर उत्तम.

मुहूर्ताचं म्हणाल तर गाडी गुढीपाडव्याला घ्यायची हौस असते सगळ्यांना. पाडवा येतो तुमच्या ऐन हंगामात, तेव्हा क्रेट लावायलाही फुरसत मिळणार नाही. दसऱ्याला घ्या. महिनाभर क्रेट, मग थंडीत निवांत रॅक, आणि फेब्रुवारीत पहिली सर्व्हिसिंग निघेपर्यंत हात बसलेला असेल.

राहिला आशीर्वाद. तो आत लिहा, डॅशबोर्डवर, तुम्हाला दिसेल असा. एफडी आईची आहे, मागच्या गाडीवाल्याची नाही. फोन नंबर बाहेर, पण मागच्या दारावर नको, काम चालू असताना ते वर उघडलेलं असतं आणि नंबर आकाशाकडे बघतो. मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्यावरही नको, सरकतं दार उघडलं की तो झाकला जातो. सरकत्या दारावरच लिहा. दार उघडं असो की बंद, नंबर बाहेरूनच दिसतो, आणि तुम्ही वर चौथ्या मजल्यावर असताना खालून जाणारी बाई तो उतरवून घेते.